चालू माणूस

आमच्या गावाकडच्या घराचं दार वाजलं की आतून ओरडायचं, "कोण?" आणि बाहेरून उत्तर यायचं, "मी." सगळ्यांच्याच घरी असं चालतं. आवाजावरून माणूस कळतो, विषय संपला. माझे वडील मात्र या 'मी'वर भडकायचे. "मी म्हणजे कोण? गावात सगळेच मी हायत. आईबापानं नाव ठेवलं नाही का?" आणि बाहेरचा माणूस आडनावासकट नाव सांगेपर्यंत कडी काढायचे नाहीत. शाळेतून आलेल्या पोटच्या पोरीलाही सोडायचे नाहीत. मी पाठीवर दप्तर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी, शेजारच्या काकू बघायल्यात, आणि मी दातओठ खात स्वतःचं पूर्ण नाव सांगतेय. तेव्हा वाटायचं, जगावेगळा बाप मिळालाय आपल्याला.

आता ते नाहीत. मी लातूरकडची, नोकरीसाठी इकडं पुण्याकडं आले ती इकडचीच झाले. पुनावळ्यात भाड्याच्या वन बीएचकेत एकटी राहते. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं दार वाजवतो तो पार्सलवाला, आणि तो 'मी' म्हणत नाही, 'पार्सल' म्हणतो. सुट्टीच्या दिवशी कधीकधी संध्याकाळी लक्षात येतं की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग आईला फोन करते. ती विचारते, "काय करायलीस? जेवलीस का?" आणि मी म्हणते, "जेवले की." नसले तरी.

वडिलांची ती खोड बरोबर होती हे मला फार उशिरा कळलं. तोवर एका भल्या माणसाची नोकरी गेली होती, आणि ती घालवण्यात माझी जीभ सगळ्यात पुढं होती.

चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथं मी डेटाबेस सांभाळते. म्हणजे कंपनीची सगळी दप्तरं. कुठला माल कधी बनला, कुणी तपासला, कुठं गेला, हे सगळं आमच्या पोटात. हे काम मला शिकवलं आमच्या सरांनी. सर सांगवीचे, मूळ गावठाणातले. घर शेतकऱ्याचं. भावांनी जमिनीवर बिल्डिंगी उठवल्या, गळ्यात गोफ घातले. हे मात्र आयटीआय करून कंपनीत चिकटले, आणि कंपनीत कम्प्युटर आला तसे कम्प्युटर शिकत गेले. साठीला आलेला माणूस, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं अजून नदीकाठचं. फोनवर बंगलोरची मंडळी इंग्रजी फाडत असायची, आणि सर मध्येच म्हणायचे, "न्हाई, आसं न्हाई चालनार." तिकडच्या लोकांना शब्द कळायचे नाहीत, पण गप्प बसायचे सगळे. शेवटी सरांचंच बरोबर निघायचं.

माझा स्वभाव तुसडा. नाकावर राग. कंपनीत माझ्याशी कुणी फार बोलत नाही आणि मलाही त्याचं काही वाटत नाही, असं मी सांगत फिरायचे. सरांना ते पटायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. "येकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई," म्हणायचे आणि माझ्या डब्याच्या झाकणात इंद्रायणीचा भात वाढायचे. सात वर्षं मी दिवसातलं एक जेवण माणसासोबत जेवले, ते या माणसामुळं.

आमचा एक ठरलेला विनोद होता. डेटाबेसमध्ये 'करंट युजर' असा शब्द असतो. डेटाबेसला विचारायचं, आत्ता इथं काम कोण करतंय, की तो त्या माणसाचं नाव सांगतो. सरांनी मला पहिल्या आठवड्यात तो मराठीत समजावला, "करंट म्हनजी चालू. चालू वापरनारा." मला हसू फुटलं. म्हटलं, सर, चालू म्हणजे लबाड पण ना? आमच्याकडं पोरी सांगतात, तो लई चालू आहे, त्याच्या नादी लागू नको. सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हापासून सर्व्हर रूमच्या दाराशी आमचं हेच. ते दार कार्डावर उघडायचं, आणि सर कार्ड हमखास टेबलावर विसरायचे. काचेवर टकटक व्हायची. मी आतून ओरडायची, "कोण?" बाहेरून उत्तर, "चालू मानूस!" दिवसातून चार वेळा तोच विनोद आणि चारही वेळा हसायचो.

आता सगळं ज्यावरून झालं ते फंक्शन काय होतं ते सांगते. अवघड नाही.

तपासणीत एखादा माल संशयास्पद वाटला की तो अडवून ठेवतात. लाल पट्टी लावून बाजूला. पुन्हा तपासून ठीक वाटला तर सोडायचा. हे सोडणं जोखमीचं काम. ब्रेकचा भाग आहे, उद्या कुणाच्या तरी गाडीला लागणार. म्हणून कम्प्युटरवरच्या त्या नोंदीला साध्या लॉगिननं हात लावता यायचा नाही. पण शिफ्टच्या सुपरवायझर लोकांना तर माल सोडावा लागतो. मग आम्ही एक खिडकी केली. फंक्शन म्हणजे खिडकीच समजा. तुम्हाला आत जायची परवानगी नाही, तुम्ही खिडकीशी येऊन सांगायचं, आणि आतला माणूस मालकाच्या अधिकारानं काम करून देणार. आणि वहीत लिहून ठेवणार, की कोण आलं होतं.

ती खिडकी मी लिहिली. सरांच्या लॉगिनवरून लिहिली, कारण सगळे अधिकार त्यांच्या लॉगिनला होते. म्हणजे खिडकीचे मालक सर. वहीत नाव कुणाचं घालायचं? मी बिनदिक्कत लिहिलं, करंट युजर. चालू माणूस. आत्ता बटण दाबतोय तो. यात विचार करण्यासारखं काय आहे? तिथंच बसून, सरांच्याच लॉगिनवरून एक खोटा माल सोडून बघितला. वहीत सरांचं नाव आलं. बरोबर. सर मागं उभे होते. म्हणाले, "आता दुसऱ्याच्या लॉगिननं बी बघ येकदा."

साडेपाचला कंपनीची बस सुटते. ती कुणाच्या बापासाठी थांबत नाही. चुकली तर चाकण चौकात उभं राहायचं, शेअर रिक्षानं मोशी, तिथून पुढं आणखी दोन बदल्या, घरी पोचायला आठ. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सर पाणी प्यायला गेले, परत येऊन म्हणाले, "बघितलंस का?"

"हो हो, बघितलं," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

एवढंच. मला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. उद्या बघू असं वाटलं होतं. उद्या दुसरंच काही निघालं.

पुढं दीडेक वर्षानं ग्राहक कंपनीनं एक लॉट परत पाठवला. भागांना केसासारख्या चिरा. कुणाला इजा झाली नव्हती, पण आभाळ कोसळल्यासारखा गोंधळ उडाला, आणि चौकशीत निघालं की तो लॉट आपल्याकडं अडवलेला होता. मग सोडला कुणी? वही उघडली. त्या लॉटपुढं सरांचं नाव.

मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. मॅनेजर, एचआरच्या बाई, सर आणि मी. सर म्हणाले, "मी न्हाई सोडला. माझं कामच न्हाई त्ये." मॅनेजर माझ्याकडं वळला. "मॅडम, फंक्शन तुम्ही लिहिलंय. रेकॉर्ड पक्का है ना?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "माणूस चुकेल, रेकॉर्ड चुकत नाही," मी म्हणाले. काय तो माझा तोरा. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझं डोकं असं तापतं की समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. सरांना वाचवायचं होतं की माझं फंक्शन, असा प्रश्न त्या क्षणी मला पडला असता तर बरं झालं असतं. पडला नाही. मी म्हणाले, पासवर्ड कुणाला कळला असेल तर ती गोष्ट वेगळी.

सरांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग हळू आवाजात विचारलं, "दुसऱ्याच्या लॉगिननं बघितलं व्हतंस न्हवं?"

"बघितलं होतं," मी म्हणाले. दुसऱ्यांदा तेच खोटं, आणि या वेळी तर मला ते खरंच वाटत होतं. इतक्या दिवसांनी कुणाला आठवतंय.

मग सरांचा चेहराच उतरला. त्यांचा माझ्यावर विश्वास होता हो. मी बघितलंय म्हणाले म्हणजे बघितलंय, म्हणजे फंक्शन बरोबर, म्हणजे मग खरंच कुणीतरी त्यांचा पासवर्ड चोरला असणार. ते म्हणाले, "मग माझाच गाफीलपना झाला आसंल." निवृत्तीला वर्षही राहिलं नव्हतं. एचआरच्या बाईंनी गोड भाषेत सांगितलं की राजीनामा दिलात तर सगळ्यांनाच सोपं जाईल. दुपारी सरांनी टेबल आवरलं. डबा, चष्म्याचं घर, देवाचा छोटा फोटो. दाराचं कार्ड त्या दिवशी मात्र विसरले नाहीत, जमा करून गेले. मी सर्व्हर रूममध्ये होते. काचेवर टकटक होईल म्हणून वाट बघत बसले. झाली नाही.

मी फोन केला नाही. दोन दिवस राग होता, की एवढा शहाणा माणूस पासवर्ड सांभाळता येऊ नये? मग आठवडा गेला, मग फोन करायची लाज वाटायला लागली, आणि मग महिने गेले. जेवणाच्या सुट्टीत मी स्क्रीनसमोर बसून जेवायची, डाव्या हातानं माउस. कधी पोळी उरली की तशीच घरी न्यायची. समोरची खुर्ची कुणीतरी मीटिंगला उचलून नेली, ती परत आलीच नाही. त्या दिवसांत मी किती एकटी पडले होते हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? ज्याला सांगायचं तोच गेला होता.

गेलेल्या माणसाचं लॉगिन पुसायचं असतं. सरांचं पुसायला गेले तर डेटाबेस ऐकेना. म्हणाला, या माणसाच्या मालकीच्या वस्तू आहेत, त्या आधी दुसऱ्या कुणाच्या नावावर करा. मग मी सगळं माझ्या नावावर करून घेतलं. एक ओळ लागते त्याला. सर गमतीनं म्हणायचे, सांगवीत सातबाऱ्यावर नाव चढवायला पिढ्या जातात. इथं एका ओळीत त्यांचं सगळं माझं झालं. ती खिडकीसुद्धा.

यंदा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी चार दिवस रजा टाकून गावी गेले होते. परत आले, आणि सकाळी सकाळी क्वालिटीतल्या एका मुलीचा फोन. "मॅडम, मंगळवारी दुपारी तुम्ही एक लॉट सोडलाय, त्याचा शेरा भरायचा राहिलाय. भरून टाका ना."

"मी?" म्हटलं. "अगं बये, मंगळवारी दुपारी मी लातूरला आईच्या डोळ्यांत थेंब घालत होते."

"पण वहीत तुमचंच नाव आहे."

"मग वही चुकली असेल!" मी खेकसले आणि फोन ठेवला.

ठेवला, आणि हात तसाच फोनवर राहिला. वही चुकली असेल. हे माझ्याच तोंडातून आलं होतं. स्वतःवर आलं तर वही चुकली, आणि सरांवर आलं होतं तेव्हा माणूस.

मी वही पहिल्यापासून उघडली. कधीच उघडली नव्हती. कुणीच उघडली नव्हती, त्या दिवशी केबिनमध्येसुद्धा एकच ओळ बघितली होती, पाहिजे तेवढी. आता सगळी खाली सरकवत गेले. सर होते तोवर प्रत्येक ओळीला सरांचं नाव. पहिल्या शिफ्टला सर, तिसऱ्या शिफ्टला सर, दिवाळीच्या सुट्टीत सर. सर गेले त्या आठवड्यापासून प्रत्येक ओळीला मी. मधे कुणीही नाही. एक सुपरवायझर नाही, एक इन्स्पेक्टर नाही. सबंध कंपनीत माल सोडणारी दोनच माणसं, आधी ते आणि मग मी, आणि दोघांनीही कधी एक लॉट सोडलेला नाही.

कळायला मग वेळ लागला नाही. खिडकीच्या आतला माणूस मालकाच्या अधिकारानं काम करतो. काम चालू असेपर्यंत तो मालकच असतो. त्याला आत विचारलं, 'चालू माणूस कोण?', तर तो मालकाचंच नाव सांगणार. दारावर टकटक झाली की घरातल्यानंच 'मी' म्हणावं, तसं. बाहेर कोण उभं आहे ते विचारायला दुसरा शब्द आहे, 'सेशन युजर', मुळात लॉगिन करून आला तो. एक शब्द बदलायचा होता. आणि दुसऱ्याच्या लॉगिननं एकदा बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, बस सुटायच्या आत.

तो चिरांचा लॉट खरा कुणी सोडला ते आजही कुणाला माहीत नाही. लिहिलंच गेलं नाही तर कळणार कसं? एवढंच कळलं की ती ओळ सरांविरुद्ध काहीही सांगत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळून दिला होता मी.

बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून, भरपूर रडले. मग तोंड धुऊन मॅनेजरकडं गेले.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, जो गया वो गया. आता हे उकरून काय मिळणार? फंक्शन दुरुस्त करा आणि विषय संपवा. तुमच्याच नावावर येईल सगळं, विचार करा." त्याचं काही चूक नव्हतं. मी विचार केला. एकटीची नोकरी आहे, मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही, गेली तर काय, असा सगळा विचार केला. टेबलावर आले आणि मेल लिहिली. एचआर, मॅनेजर, सगळे विभागप्रमुख. की हे फंक्शन मी लिहिलं, ते मालकाचं नाव लिहितं, बटण दाबणाऱ्याचं नाही. की त्या ओळीवरून सरांनी लॉट सोडला असं म्हणता येत नाही. की दुसऱ्या लॉगिननं तपासलं असं मी दोनदा सांगितलं ते खोटं होतं. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. मग पाठवा हे बटण दाबलं. मला नोटीस आली, चौकशी चालू आहे, काय व्हायचं ते होईल.

सरांना मात्र काहीच माहीत नव्हतं. कंपनी सांगणार नव्हती. त्या मेलचा मी मराठीत कागद केला, प्रिंट काढून सही केली आणि रविवारी सकाळी निघाले. पुनावळ्याहून रिक्षानं डांगे चौक, तिथून दुसरी रिक्षा सांगवी. सात वर्षं सर म्हणत होते, "येकदा घरी ये, कालवन खाऊन जा." मी कधी गेले नव्हते. गावठाणात दोन ठिकाणी विचारलं. भावांच्या उंच बिल्डिंगींच्या मधे एक बैठं घर, दारात तुळस, बाहेर सरांची मोटरसायकल. तिच्यावर धूळ होती.

दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोन हाय?"

किती महिन्यांनी ऐकला तो आवाज. 'चालू माणूस' म्हणावं असं अगदी ओठावर आलं. मग माझी मलाच शिसारी आली. मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

मग कडी निघाली. सर बारीक झाले होते. मिशा तशाच. "ये," म्हणाले आणि बाजूला झाले. हसले नाहीत.

मामी पाणी घेऊन आल्या, सरांच्या पत्नी. तांब्या ठेवून तिथंच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी मला ओळखलं होतं, आणि माझ्याकडं बघण्यात माया नव्हती. मग त्याच म्हणाल्या, "लोक इचारत्यात, दीर इचारत्यात, येवढं काय केलं म्हून घालवलं. आमी काय सांगायचं?" सर म्हणाले, "तू गप." त्या गप बसल्या, पण गेल्या नाहीत.

मी कागद पुढं केला. सरांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचला. मग उलटून मागची कोरी बाजू बघितली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"म्हनजी पासवर्ड कुनी घेतलाच न्हवता."

"नाही, सर."

"रातरात इचार करायचो. कुनाच्या समोर टाइप केला, कुनी बघितला आसंल." कागद त्यांनी मांडीवर ठेवला. "तू म्हनाली व्हतीस, बघितलं."

"खोटं बोलले सर. बस सुटत होती."

"बस," ते म्हणाले. हसल्यासारखं केलं, पण आवाज निघाला नाही. "बशीपायी."

मला वाटलं आता बोलतील, ओरडतील, हाकलून देतील. मला ते हवंच होतं. मी म्हणाले, सर, काय वाटेल ते बोला. माझ्यामुळं झालं सगळं.

"त्ये न्हाई गं," सर म्हणाले. "चूक व्हती. माझ्या लॉगिनवरनं करू दिलं, माझी बी चूक. चुकीचं मला काय न्हाई." चष्मा काढला, धोतराच्या... नाही, सदऱ्याच्या टोकानं पुसला, मला आता तेवढंच नीट आठवतं, की चष्मा पुसत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. "त्या दिशी केबिनमंदी समद्यांनी वहीला इचारलं. सायबानं इचारलं, त्या बाईनं इचारलं. त्यांचं सोड, त्यांना मी कोन. पन तू सात वरीस माझ्यासंगं जेवलीस पोरी. तू बी वहीलाच इचारलंस. मला न्हाई इचारलंस."

बाहेर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. तेव्हा मला कळलं की जे तेव्हा विचारायचं होतं ते अजून विचारलेलंच नाही. कागदात सगळं होतं, पण तो प्रश्न नव्हता. उत्तर माहीत असताना विचारण्याला काय अर्थ, असंही वाटलं. तरी विचारलं.

"सर, तो लॉट तुम्ही सोडला होता का?"

त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, दारात उभ्या असलेल्या मामींकडं.

"न्हाई," सर म्हणाले. "मी न्हाई सोडला."